पिकगार्डखाली ठरणारा आवाज

१९५४ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावातून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली, तेव्हा या इलेक्ट्रिक गिटारवर तारांची थरथर विजेत उतरवणारे तीन पिकअप होते आणि त्यांतला कोणता चालू ठेवायचा हे ठरवणारा स्विच तीन खाचांचा होता. एका वेळी एकच पिकअप वाजावा, अशी ती योजना होती. वाजवणाऱ्यांच्या मात्र लवकरच ध्यानात आलं, की स्विचचा दांडा दोन खाचांच्या मधोमध अलगद टेकवला तर शेजारचे दोन्ही पिकअप एकदम चालू राहतात आणि काही वेगळंच ऐकू येतं: किणकिणतं, थोडं पोकळ, मधल्या पट्टीत ओसरलेलं. दांडा तिथेच टिकावा म्हणून कुणी फटीत काडी अडकवली, कुणी स्विच उघडून त्याची स्प्रिंग सैल केली. कंपनीने पाच खाचांचा स्विच स्वतः बसवायला घेतला तो १९७७मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी डायर स्ट्रेट्सच्या ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’मधून मार्क नॉफ्लरने तो मधला आवाज घरोघरी पोचवला. आज ‘स्ट्रॅटचा आवाज’ म्हणून जे ओळखलं जातं त्यातला मोठा भाग असा वाजवणाऱ्यांनी शोधलेला आहे.

फेंडरच्याच टेलिकास्टरची कथा याहून बोलकी आहे. १९५२पासून १९६७पर्यंत या दोन पिकअपांच्या गिटारवर दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची सोयच नव्हती. स्विचची एक खाच नेककडच्या पिकअपचे चढे स्वर जवळजवळ कापून टाकणाऱ्या जोडणीसाठी राखलेली होती. गिटारवर बेससारखा जाड आवाज मिळावा, हा हेतू. त्याची गरज फारशा कुणाला पडली नाही आणि अनेकांनी वायर उसवून दोन्ही पिकअप एकत्र मिळतील अशी जोडणी करून घेतली. शेवटी कारखान्यानेही तीच स्वीकारली. कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आलेला कल्पक माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकांना नमुने देऊन, त्यांचं ऐकून, पुन्हा बदल करून तो पुढे गेला. कारखान्यातून आलेली वायरिंग त्या दिवसापुरता घेतलेला एक निर्णय असते आणि तो फिरवता येतो, हे त्याच्या कामाच्या पद्धतीतच होतं.

या लेखाचं म्हणणं तिथूनच निघतं. इलेक्ट्रिक गिटारची वायरिंग हा वाद्याचा तारांइतकाच जिवंत भाग आहे आणि ती समजून घेऊन बदलणं हा वादकाच्या संगीतविचाराचा भाग असायला हवा. याला एक अट आहे. प्रयोग हा प्रयोगासारखा व्हावा: आधी अंदाज बांधावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, मोजावं, ऐकावं आणि जे उपयोगाचं नाही ते निर्दयपणे काढून टाकावं. ही अट पाळली नाही तर तोच उद्योग महागडे सुटे भाग जमवण्याचा छंद होऊन बसतो.

आधी पिकअप काय करतो ते पाहू. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक, सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. स्ट्रॅटच्या पिकअपात साधारण आठ हजार. चुंबकामुळे वरची पोलादी तारही चुंबकित होते. ती थरथरली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि मायकेल फॅरेडेने १८३१मध्ये दाखवलेल्या तत्त्वाप्रमाणे त्यांत विजेचा दाब निर्माण होतो. जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९३०च्या दशकाच्या आरंभी हे तत्त्व गिटारवर आणलं, ते मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या हवाइयन गिटारवर. हजारासिंग आणि व्हॅन शिप्ले यांच्यामुळे हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रोत्यांना ओळखीची झालेली गिटार याच घराण्यातली.

पण एवढ्याने आवाजाचा रंग कळत नाही. हजारो वेढ्यांच्या कॉइलला स्वतःचं इंडक्टन्स असतं. स्ट्रॅटच्या पिकअपात ते अडीच हेन्रीच्या आसपास. वेढ्या-वेढ्यांमधलं आणि गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलमधलं कपॅसिटन्स त्याला येऊन मिळतं. केबलचं दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅराड धरावं. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठरावीक वारंवारतेला अनुनाद होतो: तिथले स्वर फुगून येतात आणि त्याच्या वरचे झपाट्याने ओसरतात. २.४ हेन्री आणि एकूण ६०० पिकोफॅराड धरून गणित केलं तर हा उंचवटा सुमारे ४२०० हर्ट्झला येतो. केबल लांब करून कपॅसिटन्स दुप्पट केलं की तो तीन हजारांच्या जरा खाली उतरतो. पिकअप तोच, हात तोच, पण चमक कमी आणि मधला भाग पुढे. उंचवटा किती टोकदार राहील हे पॉट, म्हणजे खुंटीखालचा बदलता रेझिस्टर, ठरवतो: २५० किलोओहमचा तो दडपतो, ५०० किलोओहमचा बराच मोकळा सोडतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली जिवाचा दोरा केसभर सरकवला की जवारी खुलते. दोरा सरकवणाऱ्याने लाकूड किंवा तार बदललेली नसते, कोणते उपस्वर उजळावेत एवढंच त्याने ठरवलेलं असतं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हा निर्णय पॉट, कपॅसिटर आणि जोडणी यांच्या हाती असतो.

दोन पिकअप कसे जोडायचे, हा वायरिंगमधला सर्वांत मोठा प्रश्न. शाळेत शिकलेल्या एकसर आणि समांतर जोडण्या इथे कानाने ऐकता येतात. सारख्या दोन कॉइल एकसर जोडल्या की इंडक्टन्स दुप्पट होतं. वरच्या उदाहरणातला उंचवटा ४२००वरून २९७०च्या आसपास उतरतो, आवाज मोठा आणि जाड होतो. त्याच दोन समांतर जोडल्या की इंडक्टन्स निम्मं होतं आणि, कपॅसिटन्स तेवढंच धरलं तर, उंचवटा ५९०० हर्ट्झच्या पुढे सरकतो. आवाज उघडा आणि हलका होतो. स्ट्रॅटोकास्टरवर दोन पिकअप समांतर मिळतात, गिब्सन कंपनीच्या हंबकर या दुहेरी पिकअपमधल्या दोन कॉइल एकसर असतात. या दोन घराण्यांच्या आवाजातल्या फरकाचा एक मोठा धागा या एका जोडणीत आहे. तो फरक जाणण्यासाठी दुसरी गिटार विकत घ्यावी लागत नाही, एक छोटा स्विच पुरतो.

हंबकरचा जन्मही जोडणीच्या विचारातूनच झाला. एकेरी कॉइल ही उत्तम अँटेना असते. अमेरिकेत ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची घरातली वीज तिच्यात गुणगुणते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली युक्ती दोन पायऱ्यांची होती. शेजारी दोन कॉइल ठेवून एकीची दिशा उलटी केली की दोघींत शिरलेली गुणगुण एकमेकींना खोडून काढते. पण तेवढ्याने तारेचा स्वरही खोडला जाईल. म्हणून एकीखालचा चुंबकध्रुवही उलटा करायचा. स्वराच्या बाबतीत दोन उलटे मिळून सुलटं होतं, तर चुंबकाशी संबंध नसलेल्या गुणगुणीवर एकच उलट लागू होतं. आता याच तर्काने पुढचा अंदाज बांधता येतो. आधुनिक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप बहुधा असा दुहेरी उलटा असतो, म्हणून मधल्या दोन जागांवर गुणगुण थांबते. त्या पिकअपच्या फक्त दोन वायरी अदलाबदल केल्या तर काय होईल? स्वर परस्परविरोधी होतील, पातळ आणि नाकातले. आणि गुणगुण परत येईल. स्विच लावण्याआधी हे कागदावर लिहून ठेवायचं, मग ऐकायचं. अंदाज खरा ठरला तर समज पक्की झाली. खोटा ठरला तर गिटारमध्ये आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी आहे.

परस्परविरोधी जोडणीतला सर्वांत प्रसिद्ध आवाज अपघाताने मिळाला. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉल गिटारमध्ये नेककडच्या हंबकरचा चुंबक उलटा बसलेला होता. एकेकटे पिकअप नेहमीसारखे वाजत. दोन्ही एकत्र केले की खालचे स्वर एकमेकांना खोडत आणि मागे राहणारा आवाज विलक्षण आर्त, पोकळ असे. ग्रीनने हा पिकअप काढून उलट्या तोंडाने पुन्हा बसवला होता, म्हणून ते फिरवणंच कारण असल्याचा समज पसरला. पण पिकअप आडवा फिरवल्याने ना ध्रुव बदलतो, ना वेढ्यांची दिशा. ही गिटार पुढे गॅरी मूरकडे आणि २०१४मध्ये मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे गेली. दंतकथेपेक्षा कारण शोधणं अधिक फळतं, ते यासाठी: चुंबकाची दिशा हे कारण एकदा कळलं की तोच परिणाम दुसऱ्या गिटारवरही आणता येतो.

गिटारवादक ब्रायन मेने अपघाताची वाट पाहिली नाही. १९६३मध्ये त्याने आणि वडील हॅरॉल्ड यांनी घरीच गिटार बांधायला घेतली. मानेचं लाकूड जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतलं. पिकअपही आधी स्वतःच केले होते. पण तार ओढून वाकवताना त्यांचा आवाज बिघडे, म्हणून बर्न्स कंपनीचे तीन पिकअप घेतले आणि त्यांच्या कॉइल हलू नयेत म्हणून आत अरल्डाइट भरलं. वायरिंग मात्र सर्वस्वी त्यांची. तिन्ही पिकअप एकसर, प्रत्येकाला एक चालू-बंद स्विच आणि एक फेज, म्हणजे जोडणीची दिशा, उलटवणारा स्विच. एकेकटे तीन, जोड्यांचे सहा, तिन्ही एकत्रचे चार, असे तेरा आवाज. एडी व्हॅन हेलन अगदी उलट्या दिशेने गेला. स्ट्रॅटच्या आकाराच्या बॉडीत त्याने गिब्सनचा हंबकर बसवला, तो शिट्टी मारू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवला आणि बाकी सगळं काढून एकच व्हॉल्यूम ठेवला. एकाने वाढवलं, एकाने वजा केलं. दोघांचाही आवाज दोन सुरांत ओळखू येतो. कारण दोघांनीही आपल्याला काय हवं हे कारखान्यावर सोडलं नाही.

हा विचार हाताने कसा करायचा, तर पहिलं साधन मल्टिमीटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो, पॉट, कपॅसिटर आणि सोल्डर एकाच फेरीत मिळतात. मीटर रेझिस्टन्सवर ठेवून पिकअपच्या दोन वायरींना लावावा. स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या डोक्यावर टेकवून झटकन उचलावा. आकडा क्षणभर वर उडतो किंवा खाली पडतो. दुसऱ्या पिकअपवर तेच करावं. दोन्ही आकडे एकाच दिशेने उडाले तर दोघांची फेज जुळते. इंचभर हालचालीत गिटार न वाजवता मिळणारं हे उत्तर तासाभराचं सोल्डरिंग वाचवतं. दुसरी गोष्ट टेलिकास्टरच्या नेककडच्या पिकअपची. त्याचं धातूचं झाकण आतल्या आत ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असतं. ती न पाहता वायरी उलटवल्या की झाकणच सिग्नलचा भाग बनतं आणि बोट लागताच घरघर सुरू होते. आधी तो छोटा दुवा तोडून झाकणाला स्वतंत्र ग्राउंड द्यायचा, मगच फेजचा स्विच. आणि एक इशारा: गिटारच्या आत खेळतात ते मिलिव्होल्ट, पण तारा ग्राउंडमार्गे ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. घरातल्या सॉकेटला खरं अर्थिंग आहे की नाही हे तपासल्याशिवाय कुठलाही प्रयोग करू नये आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तर उघडूच नये. त्यात शेकडो व्होल्ट असतात.

मोजण्याने जाहिरातींचाही निकाल लागतो. पिकअपची ताकद किलोओहममध्ये सांगण्याची प्रथा आहे. पण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. जानेवारीच्या पहाटे ६ किलोओहम दाखवणारा पिकअप वीस अंशांनी तापलेल्या एप्रिलच्या दुपारी साडेसहाच्या जवळ जातो. त्याने वेढे वाढलेले नसतात. तार बारीक घेतली तरी तेवढ्याच वेढ्यांना आकडा चढतो. तेच जुन्या कागदी-तेलाच्या कपॅसिटरांचं. टोनची खुंटी पूर्ण उघडी असते तेव्हा सिग्नल आणि कपॅसिटर यांच्यामध्ये २५० किलोओहमचा अख्खा पॉट उभा असतो. आतला पदार्थ कोणता याला तिथे काय वाव? त्याचं मूल्य मात्र फार मोलाचं. खुंटी पूर्ण बंद केल्यावर ०.०४७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर आपल्या उदाहरणातला उंचवटा सुमारे ४७० हर्ट्झवर आणतो आणि सगळं घोंगडीखाली जातं, ०.००४७चा लावला तर तो १४०० हर्ट्झच्या आसपास थांबतो आणि खुंटीच्या शेवटच्या टोकालाही एक बोलका, भरदार आवाज मिळतो. अगदी स्वस्त भागाने केलेला हा बदल नामांकित कपॅसिटरपेक्षा जास्त ऐकू येतो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: आवाज वादकाच्या बोटांत असतो, लाकडात असतो, वायरीत काय आहे? बोटांचं म्हणणं पूर्ण मान्य. पण म्हणूनच हा प्रयोग शहाणपणाचा आहे. बोटं तीच, तारा त्याच, गिटार तीच ठेवून एकच गोष्ट बदलायला मिळते, अशी संधी वाद्यांच्या जगात दुर्मीळ. लाकडाचा परिणाम तार किती वेळ कशी थरथरते यावर होतो, वजनावर आणि हाताला येणाऱ्या अनुभवावर होतो; तो नाकारायचं कारण नाही. मात्र पिकअप लाकूड ऐकत नाही, पोलादी तारेची हालचाल ऐकतो, आणि त्या हालचालीतलं काय पुढे जाईल हे सर्किट ठरवतं. लाकूड विकत घेतल्यावर बदलता येत नाही, सर्किट येतं.

दुसरा आक्षेप आजचा आहे. संगणकावर हवा तो आवाज बनत असताना सोल्डरिंगचा खटाटोप कशाला? इथे एक तांत्रिक तथ्य महत्त्वाचं ठरतं. पिकअप तारेच्या एका ठरावीक बिंदूखाली असतो. स्ट्रॅटचा नेककडचा पिकअप ब्रिजपासून तारेच्या साधारण चौथ्या भागावर येतो. खुल्या तारेचा चौथा उपस्वर तिथे हलतच नाही, म्हणून तो जवळजवळ ऐकू येत नाही. दुसरा मात्र पूर्ण जोमाने येतो. दोन पिकअप मिळाले की अशा खळग्यांची एक नक्षीच तयार होते आणि ती सहाही तारांवर वेगवेगळ्या वारंवारतांना पडते. सहा तारा एका वायरीतून बाहेर पडल्यावर एकच इक्वलायझर त्या सगळ्यांवर सारखाच चालतो. ही नक्षी त्याला उमटवता येत नाही. प्रत्येक तारेला वेगळा पिकअप देणाऱ्या यंत्रणा ते साधतात, पण ती वेगळी गिटार झाली. शिवाय फझ फेससारख्या, आवाज फाडणाऱ्या १९६६च्या पेडलमध्ये गिटारचं सर्किट आणि पेडल एकमेकांवर भार टाकतात. व्हॉल्यूम थोडा उतरवला की फाटलेला आवाज निवळतो. हा संवाद सिग्नलचं डिजिटल रूप होण्याआधीच घडतो. संगणक उत्तम साधन आहे. पण त्याच्यापर्यंत काय पोचवायचं हा प्रश्न गिटारमध्येच सुटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर वाटतो: कान फसतो. चार तास खपून केलेला बदल चांगलाच वाटणार. हे खरं आहे आणि याला पुरावाही आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ अनुभवी व्हायोलिनवादकांना, ओळख लपवून, तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिनं वाजवायला दिली. सर्वाधिक पसंती एका नव्याला मिळाली, सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला आणि आपल्याला आवडलेलं जुनं की नवं, हे बहुतेकांना सांगता आलं नाही. गिटारवाल्यांनी यातून प्रयोग सोडण्याचा धडा न घेता प्रयोगाची शिस्त घ्यावी. बदलाआधी आणि बदलानंतर तोच तुकडा ध्वनिमुद्रित करावा. दोन्हींची पातळी सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमी सरस भासतो. मग कोणता तुकडा कुठला हे न सांगता दुसऱ्याने ते ऐकवावेत. फरक सांगता आला नाही तर बदल काढून टाकावा, तो कितीही कष्टाने केलेला असो.

जुन्या गिटारींचा प्रश्न याच्याशी जोडलेला. मूळ सोल्डरचे टाके उसवले की संग्राह्य वाद्याची किंमत उतरते आणि एक ऐतिहासिक दस्तऐवजही नष्ट होतो. अशा गिटारीला हात लावू नये, हे बिनशर्त. पण त्यातून जुनी वायरिंग पवित्र असल्याचा निष्कर्ष निघत नाही. १९५६मध्ये फेंडरमध्ये लागलेल्या ॲबिगेल इबारा यांच्यासारख्या कामगार स्त्रियांनी अनेक दशकं हे पिकअप गुंडाळले. तार बोटांनी सावरत, अंदाजाने ताण ठेवत. वेढे, ताण आणि घट्टपणा पिकअपागणिक थोडा वेगळा असे. ज्या आवाजाला आपण प्रमाण मानतो तो मुळात हाताच्या फरकांतून आलेला होता. साध्या स्ट्रॅटवर तर काळजीच नको: जॅक आणि तारांकडे जाणारी ग्राउंडची वायर सोडली तर सगळं सर्किट पिकगार्डला लटकलेलं असतं. दुसऱ्या पिकगार्डवर स्वतंत्र सर्किट उभारावं, मूळचं जसंच्या तसं डब्यात ठेवावं.

राहिला शेवटचा आक्षेप: इतके स्विच कोण वापरतो? मंचावर गाण्याच्या मध्यावर तेरा आवाजांतून निवडायला वेळ कुणाला? हा आक्षेप मी मान्य करतो आणि माझ्या म्हणण्यातच सामावून घेतो. तेरा जोडण्या हाती असूनही ब्रायन मे बहुतेक वेळा ब्रिजकडचा आणि मधला पिकअप एका फेजमध्ये वाजवतो. मग बाकीचे वाया गेले का? नाही. ते ऐकल्यानंतर केलेली ही निवड आहे. ज्याने एकसर आणि समांतर, सुलटं आणि उलटं, २५० आणि ५०० हे सगळं स्वतःच्या हाताखाली ऐकलं, त्याच्या गिटारवर शेवटी दोनच खुंट्या उरल्या तरी त्या दोन का उरल्या याचं उत्तर त्याच्यापाशी असतं. प्रयोगाचं फळ जास्त आवाजांत मोजायचं नसतं. आपल्या गिटारचा आवाज असा का आहे, हे सांगता येणं हे ते फळ; आणि ते सांगता येणारा वादक पुढची गिटार, पुढची केबल, पुढचा पेडल निवडताना जाहिरातीकडे न पाहता स्वतःच्या कानाला आणि मीटरला विचारतो.